काशीरामच्या बागेतला विमानतळ

मी एक जुना डबा आहे. आगगाडीचाच, पण माझ्यापुढे कधी इंजिन लागलं नाही आणि मागे दुसरा डबाही जोडला गेला नाही. ड्रायव्हर तर जन्मापासूनच नाही. मित्रांनो, मी विनाचालक गाडीचा डबा. शहर आणि विमानतळ यांच्यामध्ये माझा मी धावणार, असं मला सांगितलं होतं. सांगणारी माणसं टाय लावणारी होती, इस्त्रीच्या कपड्यांतली होती. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. नव्या कोऱ्या डब्याला दुसरं काय सुचणार?

माझा जन्म गोव्यातल्या एका खाडीकाठच्या कारखान्यात झाला. तिथे एरवी बोटी बांधत. बोटी बांधणाऱ्या त्या कारागिरांनी मला मोठ्या मायेने घडवलं. पत्र्याला पत्रा असा जोडला की हात फिरवला तरी सांधा लागू नये. निळ्या गाद्या दिल्या, मोठाल्या खिडक्या दिल्या आणि सगळ्यात पुढे, जिथे इतर गाड्यांत ड्रायव्हर बसतो तिथे, एक भलीमोठी काच दिली. तिच्यामागे लहान मुलंसुद्धा बसू शकतील, समोरचा रूळ बघत बघत! त्या काचेचा मला फार अभिमान होता.

कंपनीचे साहेब मला बघायला आले तेव्हा एका कारागिराने विचारलं, "साहेब, ही गाडी चालवणार कोण?" साहेब हसले. म्हणाले, "हिला स्वतःचा मेंदू आहे. तो तेवढा मागाहून बसवायचा." मला केवढा आनंद झाला! मेंदू येईपर्यंत थोडं थांबायचं, एवढंच. मी थांबलो. मित्रांनो, अजूनही थांबलोच आहे.

२००१ साली, शिमग्याच्या आधी, मला एका लांबलचक ट्रेलरवर चढवून सिंधुदुर्गात आणलं. गोव्याची हद्द ओलांडली की इन्सुलीचा तपासणी नाका लागतो. तिथल्या साहेबांनी ट्रेलर अडवला. ते बिचारे घाटावरचे, नव्याने बदली होऊन आलेले.

"या गाडीचा ड्रायव्हर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ट्रेलरवाल्याने आपलं लायसन पुढे केलं.

"तुमचं नको. वर ठेवलेल्या गाडीचा ड्रायव्हर."

"तिला ड्रायव्हर नसतो, साहेब. ती आपली आपण चालते."

नाक्यावरच्या साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग काही अपघात झाला तर पकडायचं कोणाला?"

सगळे खो खो हसले. वर बसून मीही मनातल्या मनात हसलो. काय अडाणी माणूस, असंसुद्धा वाटलं मला. पण त्याच्याइतका शहाणा प्रश्न माझ्याबद्दल पुढे कोणीच विचारला नाही.

मला उतरवायचं होतं मालवणच्या अलीकडे, एका गावाच्या सड्यावर. सडा म्हणजे कातळाचं उंच पठार. तिथून लांब समुद्राची निळी रेघ दिसते. एका बाजूला मालवण, दुसऱ्या बाजूला पुढेमागे होणार असलेला विमानतळ, आणि मधोमध हे गाव. साहेबांनी गावकऱ्यांना सांगितलं, "आधी थोडा रूळ टाकून गाडी चालवून दाखवतो. तुमची खात्री पटली की मग सड्याची जमीन द्या, म्हणजे पुढचं काम सुरू करू." बोलणं गोड होतं. अडचण एकच होती. रूळ टाकायला सपाट जागा सड्यावर एकाच ठिकाणी होती आणि तिथे काशीरामची हापूसची बाग होती.

काशीराम हा अबोल माणूस. ती कलमं त्याने स्वतः बांधली होती. कातळ फोडून खड्डे खणले होते, खालून डोक्यावरून माती आणून घातली होती आणि उन्हाळाभर घागरीने पाणी घालून ती वाढवली होती. आता कुठे ती धरू लागली होती. त्याची बायको चंद्रावती. ती बोलकी, आणि गावात सगळ्यांना तिची जरा भीतीच वाटायची. त्यांचा एकुलता एक मुलगा मंगेश मस्कतला नोकरीला होता. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. मुंबईला विमानातून उतरायचा, मग रात्रभर गाडीत आंबून यायचा. आला की निम्मी सुट्टी झोपण्यात आणि निम्मी परत जायच्या तयारीत जायची. चंद्रावतीला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मंगेशने विमानातून उतरावं, माझ्यात बसावं आणि आपल्या दारात उतरावं. मित्रांनो, हे काही फार मोठं मागणं नव्हतं.

मोठं काम काढायचं तर या गावात आधी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मला ट्रेलरवर ठेवूनच सगळा गाव रवळनाथाच्या देवळात गेला. मला कोण नेणार देवळात! पण देऊळ सड्याच्या पायथ्याशीच होतं आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या दाजींचा आवाज खणखणीत होता.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव ओरडला.

"आज तुझ्या सड्यार बिनड्रायव्हरची गाडी येवची म्हणतत. ती गाडी इली तर गावाचा बरा होतला असात, तर उजवो कौल दी, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

उजवी पाकळी पडली. ढोल वाजले. सगळे हसत हसत सड्यावर आले आणि माझ्याभोवती गोळा झाले. चंद्रावती तेवढी मागे राहून विचार करत होती. ती म्हणाली, "दाजीनू, गाडी इली तर बरा होतला, ह्या देवान सांगल्यान. पण गाडी येतली काय, ता कोणी इचारल्यान?"

दाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "येडी काय गो तू? गाडी दारात उभी आसा, आणि ती येतली काय म्हणान देवाक इचारूचा?"

पुन्हा सगळे हसले. चंद्रावतीलाही हसू आलं. खरंच होतं की! मी चांगला ढळढळीत समोर उभा होतो. डबा आला म्हणजे गाडी आली, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, मग त्यांना कशाला नावं ठेवू?

काशीराम साहेबांसमोर गेला. साहेबांशी बोलायचं म्हणून त्याने जपून पुस्तकी मराठी काढली. "साहेब, एवढा आंबा उतरू द्या. मग तोडा." साहेब म्हणाले, पावसाआधी पाहुणे यायचे आहेत, थांबता येणार नाही. काशीरामने चंद्रावतीकडे बघितलं. तिने होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी कलमांवर करवत चालली. फांद्यांवर कैऱ्या लगडलेल्या होत्या. त्या कातळावर टपाटप पडत होत्या आणि गावातली पोरं त्या वेचायलासुद्धा पुढे येत नव्हती. मी ट्रेलरवर बसून ते सगळं बघितलं. मला फार वाईट वाटलं, पण मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, मी या माणसांचं नक्की भलं करीन.

रूळ तयार झाला. रूळ कसला, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! जोरात हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढाच. दोन्ही टोकांना चौथरे बांधून पाट्या लावल्या. इकडच्या पाटीवर 'मालवण' आणि तिकडच्या पाटीवर 'विमानतळ'. विमानतळाच्या पाटीमागे काशीरामचा गुरांचा गोठा होता.

आणि मी चाललो! काय सांगू तुम्हाला तो दिवस! झेंडूची तोरणं, फुगे, भाषणं. दारं आपोआप बंद झाली. माझ्या पोटातून एका बाईचा गोड, स्वच्छ आवाज आला, "पुढील स्थानक, विमानतळ. कृपया आपले सामान सांभाळा." तोच माझा आवाज. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. पोटाला एक हलकीशी ओढ लागली आणि मी सरकलो. समोरच्या काचेमागे मुलांची झुंबड उडाली होती. ड्रायव्हर नाही, इंजिन नाही, आणि गाडी चालली आहे! दारं उघडली तेव्हा गोठ्यातली म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत होती.

पुढची दोनतीन वर्षं माझे नुसते लाड झाले. लांबलांबच्या शाळांच्या सहली आल्या. मिठबावहून ट्रक भरून माणसं आली. नवे नवरा-नवरी माझ्यात बसून फोटो काढायचे. पोरं घरी जाऊन सांगायची, "मी विमानतळार जावन इलंय!" ड्रायव्हर नाही तर ही गाडी चालवतं कोण, यावर पारावर खूप खल झाला आणि दाजींनी निकाल दिला, "जागेवालो चलवता." जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार, जो कोणाला दिसत नाही पण सगळ्यांची काळजी घेतो. झालं! तेव्हापासून माझ्या काचेसमोर विडा आणि नारळ ठेवू लागले. राखणदारच जिला चालवतो त्या गाडीवर शंका कोण घेणार? त्या भरवशावर गावाने सड्याची बाकीची जमीनही कंपनीला देऊन टाकली.

चंद्रावती रोज दुपारी यायची. मांडीवर कापडी पिशवी घेऊन विमानतळाच्या चौथऱ्यावरून माझ्यात चढायची आणि दुसऱ्या टोकाला उतरायची. कोणी चिडवलं तर म्हणायची, "बघतंय, मंगेशाक घराक येवक किती येळ लागतलो." मला तिच्याबद्दल फार जिव्हाळा वाटायचा. मी तिच्यासाठी जास्तच सांभाळून चालायचो. निदान मी चालतो, असं मला वाटायचं.

बागेच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. आत माझा कॉम्प्युटर आणि जनरेटर आहे, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तिला कुलूप असायचं आणि चावी गुरुदास नावाच्या कामगाराकडे. एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला चंद्रावती रुळाजवळचं गवत कापत होती. तिचा विळा खण्णकन कशावर तरी आपटला. तिने गवत बाजूला केलं. खाली तारेचा जाड दोर होता, ग्रीस लावलेला. एका बाजूने तो माझ्या पोटाखाली गेला होता आणि दुसऱ्या बाजूने शेडच्या भिंतीखाली. ती दोर धरून चालत शेडपर्यंत गेली. त्या दिवशी उकाड्यामुळे दार उघडं होतं.

आत कॉम्प्युटर नव्हता. मच्छीमारांच्या ट्रॉलरवर जाळं ओढायला असते तसली एक जुनी चरखी होती, तिला डिझेलचं इंजिन जोडलेलं, आणि शेजारी स्टुलावर गुरुदास बसला होता.

"गुरुदास, ह्या काय रे?"

गुरुदास उठून उभा राहिला. त्याला मान वर करवेना. "काकी, माका सांगलेला तसा मी करतंय. खरो मेंदू येवचो आसा म्हणतत."

"आणि बोलता ती बाई?"

"ती टेप आसा, काकी."

मित्रांनो, तुम्हाला माझी त्या वेळची अवस्था कळणार नाही. पोटाला लागणारी ती हलकी ओढ! मला वाटायचं, चालणं म्हणतात ते हेच. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी आहे. आणि मी म्हणजे दोराला बांधलेलं जाळं होतो, तेही दुसऱ्यांना पकडायचं. मला बनवून घेणाऱ्यांनीच मला फसवलं होतं. आणि वर माझ्याच तोंडून रोज सगळ्यांना विमानतळ सांगितला होता.

चंद्रावती तडक दाजींकडे गेली आणि त्यांना ओढून घेऊन आली. दाजींनी दोर बघितला, चरखी बघितली. त्यांचा चेहरा उतरला. पण मग ते हट्टाने म्हणाले, "दोर आसलो म्हणान काय झाला? कौल उजवो पडलो हा. देवाचो कौल खोटो म्हणतंस?"

"देव खोटो नाय, दाजीनू," चंद्रावती म्हणाली. "आमी इचारलेला ता चुकीचा."

पण हे कोणाला मान्य करवेना. कंपनी खोटी म्हणावी तर कौलाचं काय करायचं? म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की गाडी येणार, जरा उशीर होतो आहे. त्या वाट बघण्यात त्यांनी साहेबांना जाबसुद्धा विचारला नाही. साहेबांना तेच हवं होतं. गुरुदास गेला, शेडला मोठं कुलूप लागलं आणि थोड्याच दिवसांत सड्याच्या जमिनीवर तारेचं कुंपण आलं. रुळांसाठी दिलेल्या त्या जागेवर समुद्र दिसणारे बंगले उठले. त्यांचे मालक मोटारीने यायचे. गावाच्या तोंडाला पाने पुसून साहेब गेले ते गेलेच.

मी तसाच रुळावर उभा राहिलो. खारा वारा माझा रंग खाऊ लागला. गाद्या उंदरांनी कुरतडल्या. पोरांनी पुढची काच दगड मारून फोडली. माझी ती लाडकी काच! मी त्यांच्यावर रागावलो नाही. मी ज्या विमानतळावर नेत होतो तो म्हणजे नुसता गोठा होता, हे त्यांना मोठेपणी कळलं, मग दगड मारतील नाही तर काय? काशीराम मात्र दुपारी येऊन माझ्या सावलीत बसायचा. जिथे त्याची कलमं होती तिथे आता दुसरी सावलीच नव्हती. तो काही बोलायचा नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एका हिवाळ्यात काशीराम आजारी पडला आणि आटोपलाच. मंगेशला कळवलं. तो मस्कतहून निघाला, मुंबईला उतरला, गाडीत बसला, पुढे एसटी पकडली. तो पोचेपर्यंत बापाचे अंत्यसंस्कार होऊन गेले होते. तो बॅग घेऊन थेट सड्यावर आला. चंद्रावती माझ्या चौथऱ्यावर बसली होती, 'विमानतळ' लिहिलेल्या पाटीखाली. मंगेशने माझ्या पत्र्यावर जोराने हात आपटला.

"आये, ह्या डब्यापायी बाबान कलमां तोडल्यान?"

चंद्रावतीने त्याचा तो हात धरला. मग म्हणाली, "बाबान नाय तोडल्यान रे. मी तोडूक लावलंय. तू बेगीन घराक येतलंस म्हणान."

मंगेश तिच्याशेजारी खाली बसला आणि दोघं रडली. मला तिथून दूर कुठेतरी जावंसं वाटत होतं. पण मित्रांनो, मी कधी कुठे गेलोच नव्हतो.

आता शेवटची गोष्ट सांगतो. २०१० सालच्या मे महिन्यात एक ट्रेलर सड्यावर चढला. मागून मोटार आली. तेच साहेब होते, केस पांढरे झालेले, बोलणं तसंच गोड. गाव जमला. साहेब म्हणाले, "जुना डबा घेऊन जातो. त्याच्या जागी नवा, चांगला येणार आहे." दाजी आता काठी टेकत चालायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघल्यात?" ते सगळ्यांना म्हणाले. "कौल खरो झालो!" आणि मित्रांनो, त्यांनी माझ्या निरोपाचा नारळ फोडला.

चंद्रावती आली ती थेट ट्रेलरपुढे बसली. ट्रेलरवाला बाबली मालवणचाच होता. तिने त्याला विचारलं, "बाबली, खरा सांग. ह्या डब्याक खंय नेतास?"

बाबलीने साहेबांकडे चोरून बघितलं. "वर खंयतरी नेतत, काकी. आधी रंग काढतले, काच बसयतले. थंय पण एका गावात गाडी येवची आसा म्हणतत."

"थंय पण कोणाचीतरी कलमां असतली," चंद्रावती म्हणाली आणि हात जोडून गावाकडे वळली. "रे, ऐका माझा! हो डबो हयसरच कुजांदे. आमका फसयल्यानी ता फसयल्यानी, पण दुसऱ्या बायेची झाडां नको!"

कोणी ऐकलं नाही. नव्या डब्याची आशा सगळ्यांना लागली होती. तिच्याच वाडीतल्या दोन बायकांनी तिला दंडाला धरून, समजुतीने, हळूच बाजूला केलं. कंपनीने फसवलं ते परकी म्हणून, पण त्या दिवशी तिला तिच्याच माणसांनी एकटं पाडलं, आणि ते मला जास्त लागलं. मला ट्रेलरवर चढवत असताना ती माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तिने माझ्या गंजक्या दारावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तोंड उघडू नको रे थंय."

मित्रांनो, मी आता एका कारखान्याच्या आवारात उभा आहे. माझा गंज घासून काढला आहे. निळ्या गाद्या आल्या, मोठी काच आली, पोटाखाली दोराचा नवा आकडाही आला. कालच एका बाईचा आवाज भरला. पहिल्यापेक्षाही गोड आहे. बटण दाबलं की मला बोलावंच लागतं. चंद्रावतीचं मागणं मला पुरं करता येणार नाही, म्हणून ही हकिकत तुम्हाला सांगितली.

मी कुठल्या गावात उतरणार ते मला माहीत नाही. कदाचित तुमच्याच. मी फार देखणा दिसेन, तुम्हाला आवडेनही. चढा माझ्यात, काचेमागे बसा, हवं तर मजा करा. पण घरी जाऊन आईबाबांना सांगा, की आधी विमानतळापर्यंतचा रूळ दाखवा म्हणावं. आणि तोवर कोणी करवत घेऊन आलं, तर झाडाला मिठी मारून उभे राहा आणि मला आल्या वाटेने परत पाठवा.